छतावरचे पाणी : पांढऱ्या मातीपासून पॉलिमरच्या चादरीपर्यंत

गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची बोलणी सुरू झाली की प्रथम विषय निघतो तो शिखराचा आणि कळसाचा. मग सभामंडप, फरशी, रंग, दीपमाळ. छताचा विषय सहसा सर्वांत शेवटी निघतो, आणि तोही गाभाऱ्यात थेंब पडू लागल्यावर. वास्तविक जुन्या देवळांच्या पडझडीची कारणे शोधू गेल्यास बहुतेक ठिकाणी पहिला अपराधी छतावरून आत शिरलेले पाणी हाच आढळतो. दगड शेकडो वर्षे टिकतो. दोन दगडांमधील सांध्यात मुरलेले पाणी मात्र त्याला एका पिढीत हलवून सोडते. म्हणून परभणीच्या मुलखात लोकांनी आपल्या डोक्यावरचे पाणी कसकसे अडविले, त्याचा वृत्तांत येथे थोडक्यात मांडला आहे. हा वृत्तांत देवळांचा आहे तसाच साध्या घरांचाही आहे, कारण दोन्ही ठिकाणी गवंडी एकच, माती एकच आणि पाऊसही एकच.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा. खाली काळा बसाल्ट, वर काळीभोर कपाशीची जमीन. वर्षाकाठी सरासरी 800 ते 950 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत आटोपतो. कोकणातील पावसाच्या मानाने हा आकडा फारच लहान. तेव्हा एखाद्यास वाटेल की येथे छताची एवढी चिंता कशाला? परंतु येथील खरा शत्रू एकटा पाऊस नव्हे. उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर चढतो, हिवाळ्यात पहाटे 10 अंशांच्याही खाली उतरतो. छत रोज तापते, रोज निवते. रोज किंचित फुगते, रोज किंचित आकसते. आठ महिने अशा रीतीने भेगा पाडण्याचे काम ऊन करते, आणि मृगाच्या पहिल्या सरी त्या भेगा बरोबर शोधून काढतात. कोकणात उतरती कौलारू छपरे झाली, कारण तेथे पाणी पळवून लावणे हाच एक उपाय होता. मराठवाड्यात सपाट छत झाले, कारण लाकूड थोडे, ऊन फार, आणि उन्हाळ्याच्या रात्री निजायला व धान्य-मिरच्या वाळवायला घरावर जागा हवी होती. सपाट छतावर पाणी रेंगाळते. त्या रेंगाळणाऱ्या पाण्याशी गाठ घालण्यातच येथील गवंड्याची सगळी अक्कल खर्ची पडली.

ह्या सपाट छताला आपल्याकडे माळवद किंवा धाबे म्हणतात. त्याची रचना जुन्या माणसांना तोंडपाठ असे. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर आडवी बारीक लाकडे म्हणजे किलचण, त्यावर तुराट्या किंवा चिपाडे, त्यावर निंबाचा किंवा पळसाचा पाला, आणि सर्वांवर चोपून बसवलेला मातीचा थर. निंबाचा पाला वाळवीसाठी. मधोमध धूर जाण्यासाठी आणि उजेड येण्यासाठी सवणे. ते पावसाळ्यात झाकून टाकायचे. कडेला पाणी काढून देणाऱ्या पन्हाळी.

येथे मातीच्या निवडीकडे लक्ष दिले पाहिजे. शेतात हवी तेवढी काळी माती पडलेली असताना छतावर ती कोणी टाकीत नसे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तिला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. अशी माती छतावर टाकणे म्हणजे आपणच पाण्याला वाट करून देणे. छतासाठी लागे ती पांढरी माती. गावाच्या जुन्या वस्तीची, पडक्या गढीची, शेकडो वर्षांच्या चुलींची राख आणि चुनखडी ज्यात मिसळली आहे अशी ही माती. ती फारशी फुगत नाही, पावसाच्या पहिल्या फटकाऱ्यात तिचा वरचा पापुद्रा बसून जातो आणि नंतरचे पाणी वरच्या वर वाहून जाते. आपल्याकडे गावाच्या जागेला ‘पांढर’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. काळीने पोट भरायचे आणि पांढरीने डोके झाकायचे, अशी ही विभागणी होती. एका पिढीच्या घराची माती दुसऱ्या पिढीच्या घरावर जाई. पुराणवस्तू-संशोधकांना मात्र ह्या रिवाजाने फार हळहळायला लावले आहे, कारण मराठवाड्यातील कित्येक प्राचीन टेकाडे ह्याच पांढऱ्या मातीपायी खणली गेली.

ह्या छताचे एक व्रत होते. दरवर्षी मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, माळवदावर नवी पांढरी माती टाकावी लागे. गाढवांच्या पाठीवरून माती यायची, घरातील लहानथोर वर चढायचे, माती पसरायची, भेगा बुजवायच्या, गवत उपटायचे, पन्हाळी मोकळ्या करायच्या. जो घरमालक हे काम चुकवी त्याच्या घरात आषाढात भांडी मांडलेली दिसत. काम चुकवले नाही तर माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार आणि पावसाळ्यात कोरडे. ह्यापेक्षा अधिक काय हवे?

पण ह्या व्रतात एक दोष दडलेला होता आणि तो कोणाच्या ध्यानात आला नाही. नवी माती टाकताना जुनी माती क्वचितच काढली जाई. थरावर थर चढत गेले. वीतभर थराचा हातभर झाला. काही घरांवर त्याहूनही जाड झाला. ह्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. 10 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशी एक खोली घेतली, तिच्यावर एक फूट जाडीची माती आहे असे धरले, तर कोरड्या मातीचेच ओझे सुमारे 45 क्विंटल भरते. पावसाने भिजल्यावर ते आणखी वाढते. माणसे ह्या ओझ्याखाली पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपली, कारण ते ओझे एका दिवसात चढले नव्हते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. परभणीकरांनाही त्या पहाटेचा हादरा आठवतो. पुढे अभियंत्यांनी जी पाहणी केली तिच्यात दोन गोष्टी ठळकपणे आढळल्या. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या जाड भिंती आतबाहेर फुटून कोसळल्या होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ छतावरची माती निजलेल्या माणसांवर आली होती. ज्या घरांत छताचा भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर नीट बसवलेला होता, तेथे भिंती पडूनही माळवद अधांतरी उभे राहिल्याची उदाहरणे सापडली. म्हणजे माळवदाची मूळ कल्पना वेडगळ नव्हती. लाकडात केलेली काटकसर आणि गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेली माती, ह्या दोहोंनी मिळून घात केला. पाणी अडविण्यासाठी टाकलेल्या थरानेच माणसे गाडली जावीत, ह्यासारखी दुःखाची गोष्ट बांधकामाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

त्या भूकंपानंतर मराठवाड्यात गावोगाव माळवदे उतरवली गेली. तेव्हापासून ‘हलके आणि तरीही कोरडे छत’ हा येथे चैनीचा विषय राहिला नाही.

देवळांची गोष्ट थोडी वेगळी. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे किंवा गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठचे धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर पाहिले म्हणजे जुन्या स्थपतींचा विचार कळतो. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला आणि ह्या पद्धतीची कित्येक देवळे त्याच्याही आधीची, पण नाव रूढ झाले ते झाले. ह्या बांधणीत घडीव दगड एकमेकांत खाचा-खुंट्यांनी बसवलेले असतात, मधे चुना नसतो. देऊळ दगडी जोत्यावर उंच उचललेले असल्याने जमिनीची ओल सहसा वर चढत नाही. छताच्या शिळांवर विटा, दगडांचे तुकडे आणि चुना ह्यांचा उतरता थर देऊन पाणी कडेला नेण्याची पद्धत पुढे सर्वत्र वापरली गेली. बाहेर काढलेले छज्जे ते पाणी भिंतीपासून दूर टाकतात. म्हणजे दगड भार पेलतो, चुना पाणी अडवतो आणि उतार पाणी पळवतो.

चुन्याचे काम फार मेहनतीचे. भट्टीत भाजलेला चुनखडीचा दगड विझवायचा, वाळूसह बैलाच्या घाणीत मळायचा, त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असले पदार्थ जागोजागच्या रिवाजाप्रमाणे घालायचे. मग छतावर पसरलेला चुन्याचा कोबा ओळीने बसलेल्या बाया-माणसांनी लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस बडवायचा. ह्या बडवण्याने थरातील पोकळ्या बुजतात. पुढे चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत सावकाश पुन्हा दगड बनतो. त्याचा मोठा गुण असा की त्याला बारीकशी चीर पडली तर झिरपणाऱ्या पाण्यातून विरघळलेला चुना त्या चिरेत पुन्हा साचतो आणि कधी कधी ती आपोआप बुजते. दुसरा गुण म्हणजे तो श्वास घेतो. पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो.

गिलाव्याला बळकटी यावी म्हणून त्यात तंतू मिसळण्याची युक्तीही जुनीच. वेरूळच्या 12 क्रमांकाच्या लेण्यातील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई ह्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. (भांगेचा इतका सात्त्विक उपयोग फार थोड्यांनी केला असेल.) हा तंतूंचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्या भागात बाहेरच्या छतांचा शिरकाव झाला तो रेल्वेमुळे. 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि परभणी, पूर्णा, सेलू ही ठाणी बाहेरच्या मालाला उघडी झाली. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर ह्यांनी 1829 साली घेतले होते. जस्ताचा मुलामा चढवलेला तो पत्रा आता जिनिंग कारखान्यांवर आणि गोदामांवर दिसू लागला. पुढे हैदराबादेत तयार होणारे ‘चारमिनार’ छापाचे ॲसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे आले. पत्रा गळत नाही, हलका आहे, दरसाल माती मागत नाही. पण वैशाखात त्याखाली बसवत नाही आणि वावटळीत तो उडून जातो. म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत पडली. मार्च 2024 मध्ये आणि पुन्हा 10 जुलै 2024 रोजी हिंगोली, नांदेड व परभणी भागात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यांवरचे दगड काढून घ्यावेत असे आवाहन करावे लागले. म्हणजे डोक्यावरचे ओझे रूप बदलून परत आलेच होते.

डांबराचा उपयोग पाणी अडविण्यासाठी करणे ही काही साहेबाची कल्पना नव्हे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे इंचभर नैसर्गिक डांबराचा थर दिलेला सापडला आहे. नंतर मात्र आपल्या देशात ही विद्या मागे पडली. महाराष्ट्रात डांबर मुबलक झाले ते मुंबईच्या तुर्भे भागात 1954 आणि 1955 साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर. तागाच्या किंवा इतर तंतूंच्या जाड कापडाला डांबर पाजून केलेले काळे ‘टारफेल्ट’ सरकारी इमारतींवर, शाळांवर, गोदामांवर अंथरले जाऊ लागले. गावोगाव सळई-सिमेंटचे स्लॅब पडू लागले तेव्हा त्यांवर टारफेल्ट तरी घालत किंवा विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमधील कोबा तरी करीत. चार इंचांचा कोबा आपल्या त्या 10 फुटी खोलीवर 18 ते 19 क्विंटल भार टाकतो. मातीपेक्षा कमी खरा; तरीही थोडाथोडका नव्हे.

टारफेल्टची अडचण अशी की साधे डांबर 50 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. मराठवाड्यातील उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग मे महिन्याच्या दुपारी ह्याहून अधिक तापतो. डांबर वितळून उताराकडे सरकते, उन्हाने त्यातील तेलकट अंश उडून जातो, मग ते ठिसूळ होते आणि मगरीच्या पाठीसारखे तडकते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी टारफेल्ट वर उचलले गेलेले अनेकांनी पाहिले असेल. ह्या दुखण्यावरचा उपाय एका निराळ्याच शास्त्रातून आला.

1933 च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्यात रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट हे दोघे प्रचंड दाबाखाली एथिलीन वायूवर प्रयोग करीत असताना भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. ते पॉलिथीन. लहान लहान रेणूंची लांबलचक साखळी म्हणजे पॉलिमर. जणू मण्यांची माळच. पाण्याला ह्या माळेत शिरकाव नाही. 1950 च्या दशकात इटलीचे जुलिओ नात्ता आणि जर्मनीचे कार्ल त्सीग्लर ह्यांनी अशा माळा शिस्तीत ओवण्याची रीत काढली, त्याबद्दल दोघांना 1963 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1957 पासून इटलीत फेरारा येथे पॉलिप्रॉपिलीन बनू लागले. त्या कारखान्यात मुख्य मालाबरोबर एक चिकट, बेशिस्त माळांचा गाळही निघे. तो कशाच्याच उपयोगी नव्हता. इटलीतील कारागिरांनी 1960 च्या दशकात तो गरम डांबरात कालवून पाहिला आणि आश्चर्य असे की 50 अंशांवर मऊ होणारे डांबर 150 अंशांपर्यंत घट्ट राहू लागले. टाकाऊ गाळातून छताची नवी जात जन्माला आली.

आपल्या देशातही ह्याच सुमारास पॉलिमरचा पाया घातला जात होता. 1966 साली तुर्भे येथे देशातील पहिला नाफ्था-भंजन प्रकल्प उभा राहिला आणि 1968 साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर ‘नोसिल’चा त्याहून मोठा प्रकल्प सुरू झाला. एथिलीन महाराष्ट्रातच तयार होऊ लागले. पुढे परभणीच्या मोंढ्यात आलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचे मूळ येथे आहे. ‘ताडपत्री’ हा शब्दही गमतीचा आहे. डांबर लावलेल्या कापडासाठी इंग्रजीत जो ‘टारपॉलिन’ शब्द आहे, त्याला आपल्या लोकांच्या जिभेने ताडाचे पान जोडून दिले. डांबर गेले आणि झाड आले. आज त्या ताडपत्रीत ना डांबर आहे, ना ताड.

आता हा माल बनतो कसा ते पाहू. ताडपत्रीच्या कारखान्यात प्रथम पॉलिथीनचे दाणे वितळवून पातळ पापुद्रा काढतात, त्याच्या अरुंद पट्ट्या चिरतात आणि त्या गरम करून ताणतात. ताणल्याने आतील माळा एका दिशेने ओळीत येतात आणि पट्टी चिवट होते. मग मागावर ह्या पट्ट्यांचे कापड विणतात. ते नुसते कापड पाणी अडवीत नाही, कारण विणीत छिद्रे असतात. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांवर वितळलेल्या पॉलिथीनचा पातळ लेप चढवतात. ताकद विणीची, पाणी अडवणे लेपाचे. उन्हातील अतिनील किरण ह्या माळा तोडतात, त्यासाठी काजळी किंवा दुसरे संरक्षक द्रव्य मिसळतात. ते न मिसळलेली स्वस्त ताडपत्री एका उन्हाळ्यात पापडासारखी मोडते. ह्याच जातीचा जाड कागद शेततळ्याच्या अस्तराला वापरतात. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यावर तो सर्वांच्या ओळखीचा झाला. जे अस्तर शेतात पाणी आत धरते तेच घरावर पाणी बाहेर ठेवते.

स्लॅबवर घालायची चादर, जिला गवंडी मेंब्रेन म्हणतात, ती ह्याहून जाड असते. मधे पॉलिएस्टरच्या तंतूंचे नमद्यासारखे कापड असते. वेरूळच्या गिलाव्यातील भांगेच्या तंतूंचे जे काम, तेच येथे ह्या कापडाचे. हे कापड सुमारे 180 ते 200 अंश तापलेल्या, पॉलिमर आणि दगडाची भुकटी मिसळलेल्या डांबराच्या हौदातून ओढत नेतात. पुढे दोन रुळांमधून त्याची जाडी 3 किंवा 4 मिलिमीटर अशी पक्की करतात. खालच्या अंगाला पातळ पॉलिथीनचा पापुद्रा चिकटवतात, वरच्या अंगाला तोच पापुद्रा किंवा उन्हापासून रक्षणासाठी दगडाची रंगीत खडी. मग थंड पाण्यावरील रुळांवरून निववून 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब अशी गुंडाळी करतात. जागेवर गॅसच्या ज्योतीने खालचा पापुद्रा वितळवीत ती स्लॅबला चिकटवायची आणि शेजारच्या दोन चादरी कडेला चार इंच एकमेकींवर घ्यायच्या. अशी एक गुंडाळी म्हणजे आपली ती 10 फुटी खोली जवळजवळ झाकली. तिचे वजन 40 ते 45 किलो. मातीचे होते 45 क्विंटल.

शंभरपट हलके छत! किल्लारी ज्यांनी पाहिली त्यांना ह्या एका आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

असे असले तरी पॉलिमरच्या चादरीला सर्व रोगांवरचा रामबाण समजण्याची जी चाल हल्ली पडली आहे ती देवळांच्या बाबतीत घातक ठरते. घडीव दगडाच्या जुन्या गाभाऱ्यावर किंवा शिखरावर अशी चादर चिकटवली, अथवा पॉलिमरयुक्त लेप वरून फासला, तर वरचे पाणी काही काळ थांबते खरे. पण दगडात आधीपासून मुरलेली ओल, आणि दिवे, अभिषेक व दर्शनाला येणाऱ्या माणसांच्या श्वासाने आत तयार होणारी वाफ बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ती ओल आतल्या बाजूने फुटते. क्षार पांढऱ्या बुरशीसारखे बाहेर येतात, दगडाचे पापुद्रे सुटतात, कोरीव कामाचे नाक-डोळे झडतात. सिमेंटच्या गिलाव्याचेही तसेच. तो चुन्यापेक्षा ताठ, त्यामुळे उन्हात दगडाबरोबर हलत नाही. दोहोंच्या मधे फट पडते आणि पाणी नेमके तेथे जाऊन बसते. भाविकांनी मोठ्या श्रद्धेने ऑइल पेंट चढविलेल्या मूर्ती आणि खांबही ह्याच कारणाने आतून कुजतात. येथे श्रद्धेला बोल लावण्याचे कारण नाही. चुना कुठे थांबतो आणि पॉलिमर कुठे सुरू होतो एवढे समजून घेतले म्हणजे पुरे.

जुन्या दगडी छतावर चुन्याचेच काम करावे. आधी पिंपळ, उंबर, वड ह्यांची रोपे मुळासकट काढावी लागतात. वरून छाटलेले रोप दुसऱ्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने येते आणि त्याचे मूळ पहारीसारखे शिळा उचलते. मग जुना सुटलेला चुना खरवडायचा, उतार पुन्हा बांधायचा, पन्हाळी मोकळ्या करायच्या. नवा सिमेंटचा सभामंडप मात्र निराळी वस्तू आहे. त्याच्या स्लॅबवर चादर योग्यच, आणि ती घालावीच. गळती होते ती बहुतेक चादरीच्या मध्यातून नव्हे. जुनी दगडी भिंत आणि नवा स्लॅब जेथे भेटतात तेथे, नळीच्या तोंडाशी आणि कठड्याच्या कोपऱ्यात ती होते. म्हणून कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा करून चादर भिंतीवर वीतभर चढवावी लागते आणि तिची कड खाचेत दाबून बंद करावी लागते. दगड व स्लॅब वेगवेगळे हलणार, तेव्हा त्यांच्यामधील सांधा ताठ सिमेंटने भरून चालत नाही. काम झाल्यावर पाणी जाण्याच्या वाटा बंद करून छतावर दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेवतात आणि खालून तपासतात. ही परीक्षा घेतल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल चुकते करू नये, असे अनुभवी माणसे सांगतात ते उगीच नव्हे.

चादरीचे आयुष्यही मर्यादित आहे. चांगल्या मालाचे आणि चांगल्या हाताचे काम दहा-पंधरा वर्षे जाते. चुन्याचा कोबा निगा राखली तर पिढ्या काढतो. माळवद तर दरसाल निगा मागते. म्हणजे जो थर जितका अधिक टिकाऊ म्हणून विकला गेला, त्याकडे लोकांचे तितकेच अधिक दुर्लक्ष झाले. स्लॅबच्या देवळावर वर्षानुवर्षे कोणी चढतही नाही. नळीत पारव्यांची घरटी, पिंपळाची पाने आणि उत्सवातील पताकांचे तुकडे साठतात, एका रात्री अतिवृष्टी होते आणि छताचे तळे बनते. सप्टेंबर 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोली भागात जसा पाऊस कोसळला, तशा पावसाला वाट न मिळाली तर 4 मिलिमीटरची चादर काय, चार इंचांचा कोबा तरी काय करणार? अर्धा फूट पाणी साचले तरी त्या 10 फुटी खोलीवर 14 क्विंटल भार येतो.

जिल्ह्यातील काही गावांत अजून थोडी माळवदे उभी आहेत. त्यांपैकी ज्यांचे मालक जाणते आहेत त्यांनी जुनी माती उतरवून थर वीतभर केला, त्याच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद कडेपर्यंत अंथरला आणि वर पुन्हा पांढरी माती चोपून बसवली. मातीमुळे कागदाला ऊन लागत नाही, आणि कागदामुळे मातीचा थर वाढविण्याची गरज पडत नाही. मृगाच्या आधी अशा छतावर घरातील एक-दोन माणसे आजही चढतात. पूर्वी जेथे गाढवांच्या दहा खेपा लागत, तेथे आता दोन-चार टोपल्यांत काम भागते.